दाताला लागलेला मार पाच वर्षं संपत नाही

तोंडाची जखम लवकर भरते. तिथे रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, लाळेचा ओलावा सतत असतो. फुटलेला ओठ आठ-दहा दिवसांत सांधतो, हिरडीची सूज चार दिवसांत उतरते, आणि घरात सगळ्यांच्या जिवात जीव येतो. नेमकं इथेच बहुतेकांचं दवाखान्यात जाणं थांबतं. दुखत नाही, दिसत नाही, मग जायचं कशाला? पण दाताच्या मुळावर, कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात आणि लहान मुलाच्या हाडात अजून तयार होत असलेल्या दातांमध्ये जे घडतं, त्याचा वेग वेगळा असतो. काही गोष्टी तीन आठवड्यांत बिघडतात, काही वर्षभराने, काही पाच-सात वर्षांनी, आणि त्यातल्या बऱ्याच अजिबात न दुखता बिघडतात.

दात नेमका कशावर उभा असतो

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचं, जिवंत तंतूंचं आवरण असतं. हजारो बारीक दोऱ्यांनी दात खोबणीत टांगून ठेवलाय, अशी कल्पना करा. चावताना दात किंचित दबतो तो या आवरणामुळे. पण त्याचं मोठं काम दुसरंच आहे. ते हाडाला मुळापासून लांब ठेवतं.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे दाताच्या आतली नस. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा हा मऊ गाभा मुळाच्या टोकाच्या अगदी बारीक छिद्रातून आत शिरतो. दात दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी हा धागा तिथे ताणला जातो किंवा तुटतो.

दाताला कुठलाही मार बसला की दोनच प्रश्न विचारायचे: आवरण किती वाचलं, आणि नस किती वाचली? नुसती ठेच लागून दात दुखरा झाला तर दोन्ही बहुधा वाचतात. दात हलू लागला, बाहेर लोंबला किंवा मागे वळला तर नस धोक्यात असते. दात हिरडीत आत घुसला किंवा मुळासकट निखळून हातात आला तर दोन्ही धोक्यात. आत घुसलेला दात लोकांना फारसा गंभीर वाटत नाही, कारण तो पडलेला नसतो. प्रत्यक्षात आवरण हाडावर चिरडलं जात असल्याने ती सगळ्यात वाईट इजांपैकी एक आहे.

पहिला तास

दूरच्या परिणामांबद्दल लिहिताना पहिल्या तासात रेंगाळण्याला कारण आहे. निखळलेल्या दाताचं दहा वर्षांनंतरचं भवितव्य बरंचसं त्या तासात ठरतं. मुळावर चिकटून आलेल्या आवरणाच्या पेशी उघड्या हवेत वाळत जातात. पंधरा मिनिटांच्या आत दात परत खोबणीत बसला तर बहुतेक पेशी जगतात. एक तास कोरडा राहिला तर त्या मेल्याच म्हणायच्या.

कायमचा दात निखळला तर असं करा. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दूध, सलाइन किंवा जखमी माणसाची स्वतःचीच लाळ वापरून हलकेच धुवा, यांतलं काहीच नसेल तर नळाच्या बारीक धारेखाली काही सेकंद धरा. घासू नका, पुसू नका, साबण किंवा डेटॉल नको. शेजारच्या दाताकडे बघून पुढची-मागची बाजू ओळखा, दात खोबणीत हलक्या दाबाने बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. मग थेट डेंटिस्टकडे. थोडा वाकडा बसला तरी चालेल, तो नंतर सरळ करता येतो. मेलेल्या पेशी मात्र परत आणता येत नाहीत.

बसवणं जमत नसेल, माणूस बेशुद्ध असेल किंवा हात थरथरत असतील, तर दात थंड दुधाच्या पेल्यात टाका. साधं पिशवीचं दूध चालतं, गरम किंवा साखर घातलेलं नको. दुधातल्या क्षारांचं प्रमाण आपल्या पेशींना मानवण्याइतकं जवळचं असतं. नुसत्या पाण्यात पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून दात पाण्यात ठेवून नेऊ नका. दूध नसेल तर ओआरएसचं द्रावण चालतं. तेही नसेल तर दात पेल्यातल्या लाळेत ठेवा, किंवा अन्न झाकायच्या पारदर्शक चिकट फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, म्हणजे ओलावा टिकतो. सगळ्यात जास्त दात वाया जातात ते कोरड्या रुमालात किंवा कागदाच्या पुडीत बांधून आणल्यामुळे. सद्भावनेने केलेली ही पुडी फार महागात पडते.

दुधाचा दात निखळला तर मात्र तो परत बसवायचा नाही. तो रेटताना वरच तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा पडलेला दात दुधाचा की कायमचा, हे कळत नसेल तर दात दुधात ठेवून डेंटिस्टकडे न्या, निर्णय तिथे होईल.

तुकडा उडाला असेल तर तोही शोधून आणा. बऱ्याचदा तो पुन्हा चिकटवता येतो. वाळला असेल तर चिकटवण्याआधी वीस मिनिटं पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवतात, नाहीतर रंग आणि पकड दोन्ही कमी भरतात. तुकडा सापडलाच नाही तर तो कुठे गेला हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. तो फुटलेल्या ओठात रुतून बसलेला असू शकतो, गिळलेला असू शकतो किंवा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. अपघातानंतर न थांबणारा खोकला असेल तर छातीचा एक्स-रे काढायला सांगाच.

जखमेत हळद किंवा कॉफी पावडर भरण्याची आपल्याकडे सवय आहे. रक्त थांबतं खरं, पण पावडर आणि घाण आतच राहते, टाके घालताना सगळं खरवडून काढावं लागतं आणि व्रण गडद राहू शकतो. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरा, बाहेरून बर्फ लावा. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका, लवंगेचं तेल चोळू नका. दोन्हींनी हिरडी भाजते.

तार किती दिवस, किती जाड

हललेला किंवा परत बसवलेला दात शेजारच्या दातांना स्प्लिंटने, म्हणजे आधाराच्या तारेने, बांधतात. इथे एक गोष्ट पेशंटने माहीत करून घ्यावी अशी आहे. तार लवचिक हवी, जास्तीत जास्त 0.4 मिलिमीटर जाडीची, दातांच्या पुढच्या बाजूला कॉम्पोझिटच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाच्या, ठिपक्यांनी चिकटवलेली. चावताना दाताला मिळणारा किंचितसा झोका आवरण भरून यायला मदत करतो. जबड्याच्या फ्रॅक्चरला वापरतात तशी जाड पट्टी, म्हणजे आर्च बार, एखाद्या निखळलेल्या दातासाठी घट्ट बांधून महिनोन्महिने ठेवली तर हाड मुळाला चिकटण्याची शक्यता वाढते.

मुदत इजेनुसार बदलते. निखळून परत बसवलेला दात आणि खाली लोंबलेला दात दोन आठवडे, बाजूला किंवा मागे वळलेला, हिरडीत घुसून परत जागेवर आणलेला, किंवा मधोमध मूळ तुटलेला दात चार आठवडे. मूळ हिरडीच्या अगदी जवळ तुटलं असेल तर चार महिन्यांपर्यंतही तार ठेवावी लागते. जास्त दिवस म्हणजे जास्त पक्कं, असा हिशोब इथे लागू होत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत मऊ जेवण: मऊ भात-वरण, खिचडी, पेज, दह्यात कालवलेली पोळी. पुढच्या दातांनी पेरू, ऊस, कणीस तोडायचं नाही. मऊ ब्रश प्रत्येक जेवणानंतर, आणि क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक गुळण्या दिवसातून दोनदा. ब्रश करायला भीती वाटते म्हणून लोक ब्रश थांबवतात, आणि साचलेल्या थरातले जंतू फाटलेल्या हिरडीतून सरळ मुळापर्यंत जातात. मशेरी, तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. गुळण्यांनी दातांवर तपकिरी डाग पडले तर घाबरू नका, ते साफ करता येतात. जखम मातीत झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा शेवटचा डोस कधी झाला ते डॉक्टरांना सांगा.

नस मेली की नाही हे लगेच कळत नाही

मार लागल्यावर नस बधिर होते. थंड स्प्रेने किंवा विजेच्या सौम्य झटक्याने तपासलं तर दात प्रतिसाद देत नाही, आणि ही बधिरता तीन महिन्यांपर्यंत टिकू शकते. म्हणून एकाच चाचणीवरून पहिल्याच आठवड्यात रूट कॅनॉल करायची घाई चुकीची आहे. दोन तरी खुणा जमायला हव्यात: प्रतिसाद नाही आणि रंग करडा होतोय, किंवा एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते आहे, किंवा हिरडीवर पुळी येऊन फुटते आहे.

याला महत्त्वाचा अपवाद आहे. पूर्ण वाढलेल्या मुळाचा दात निखळून परत बसवला असेल तर तुटलेली नस जुळून येत नाही. तिथे वाट न बघता दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल सुरू करायचं असतं, शक्यतो तार काढण्याआधीच, म्हणजे दात स्थिर असतो. लहान मुलात चित्र वेगळं. वरच्या पटाशीच्या दाताचं मूळ साधारण दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होतं. त्याआधी टोक रुंद उघडं असल्याने नवीन रक्तवाहिन्या आत शिरू शकतात आणि दात जिवंत राहू शकतो. अशा मुलाला रूट कॅनॉल न करता लक्ष ठेवतात. पण हे लक्ष कडक हवं, कारण जंतुसंसर्ग झाला तर लहान मुलाचं पातळ मूळ काही आठवड्यांत पोखरलं जातं.

रंगावरून थोडंसं वाचता येतं. करडा किंवा काळपट दात बहुधा नस मेल्याचं सांगतो. पिवळसर दात वेगळी गोष्ट सांगतो. नस जिवंत आहे, पण घाबरून तिने आतली पोकळी कठीण थराने भरून टाकली आहे. पिवळ्या दाताला नुसत्या रंगासाठी रूट कॅनॉल करायची गरज नसते, उलट बुजलेली वाट शोधताना मूळ फुटण्याचा धोका असतो. रंग खटकत असेल तर ब्लीचिंग किंवा व्हेनियर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ कवच, करता येतं.

मूळ खाल्लं जातं म्हणजे काय

या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. दातांच्या इजांचा पद्धतशीर अभ्यास उभा करणारे कोपनहेगनचे सर्जन येन्स ओवे आंद्रेआसन यांनी पुन्हा बसवलेल्या दातांच्या मुळांचं काय होतं ते वर्षानुवर्षं तपासलं, आणि मुळाच्या ऱ्हासाचे वेगवेगळे प्रकार असतात हे स्पष्ट झालं. प्रकार ओळखला तरच उपचार कळतो.

पहिला अगदी किरकोळ. मुळावर छोटे खड्डे पडतात आणि आपोआप भरतात. त्याचं काही करायचं नाही.

दुसरा संसर्गामुळे होणारा. मेलेल्या नसेतले जंतू आणि त्यांचं विष दाताच्या सूक्ष्म नळ्यांतून मुळाच्या पृष्ठभागावर पोहोचतं, तिथे दाह होतो आणि शरीराच्या पेशी मूळ व हाड दोन्ही खायला लागतात. हा वेगाने होतो. एक्स-रेत मुळाच्या कडेला वाटीसारखा खड्डा आणि शेजारी काळी सावली दिसते. चांगली बातमी अशी की रूट कॅनॉल करून जंतू काढले, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडसारखं औषध ठेवलं, की तो बहुधा थांबतो. लक्षातच आलं नाही तर काही महिन्यांत अख्खं मूळ जातं.

तिसरा सगळ्यात हट्टी. आवरणाच्या पेशी मेलेल्या असतील तर हाड येऊन सरळ मुळाला चिकटतं. आपलं हाड कायम स्वतःला थोडं थोडं मोडून नव्याने बांधत असतं. आता त्याला मूळ हाडाचाच भाग वाटतं, म्हणून ते मूळही मोडतं आणि त्या जागी हाड भरतं. दात कणभरही हलत नाही, दुखत नाही, पेशंटला वाटतं पक्का बसलाय. डेंटिस्टने आरशाच्या दांड्याने टकटक केली तर शेजारच्या दातांपेक्षा उंच, धातूसारखा आवाज येतो. यावर उपचार नाही. मुलांमध्ये हाडाची उलाढाल वेगवान, त्यामुळे असं मूळ काही वर्षांत संपतं. मोठ्या माणसाचा दात मात्र दहा-वीस वर्षंही टिकू शकतो, म्हणून मोठ्यांमध्ये दात तासभर कोरडा राहिला असला तरी परत बसवणं फायद्याचं ठरतं.

वाढत्या वयात आणखी एक अडचण येते. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्याबरोबर खाली येतात, चिकटलेला दात जिथल्या तिथे राहतो. दहाव्या वर्षी बरोबरीने असलेला दात बाराव्या-तेराव्या वर्षी वर रुतल्यासारखा दिसतो, शेजारचे दात त्याच्याकडे झुकतात. अशा वेळी दात उपटून काढणं ही मोठी चूक ठरू शकते, कारण हाडाला चिकटलेलं मूळ काढताना पुढचं पातळ हाडच तुटून येतं आणि पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवायला जागा उरत नाही. 1984 मध्ये स्वीडनच्या बार्ब्रो मालमग्रेन यांनी मांडलेला मार्ग वेगळा आहे. दाताचा वरचा भाग हाडाच्या काठाच्या थोडा खाली कापून काढतात, रूट कॅनॉलमधलं भरण साफ करतात, आत रक्ताची गुठळी होऊ देतात आणि मूळ हाडातच सोडतात. त्या मुळाचं हळूहळू हाड होतं, तिथल्या हाडाची उंची आणि रुंदी टिकते. मधल्या काळात शेजारच्या दातांना चिकटवलेला दात, म्हणजे मेरीलँड ब्रिज, किंवा काढता-घालता येणारा दात. इम्प्लांट वाढ संपल्यावरच, विशीच्या आसपास. पंधराव्या वर्षी इम्प्लांट बसवलं तर तेही चिकटलेल्या दातासारखंच मागे राहतं.

आणखी एक प्रकार फार उशिरा येतो. मार लागून काही वर्षं उलटल्यावर हिरडीच्या कडेशी दातावर गुलाबी ठिपका दिसतो. तो हिरडीचा रंग नसतो, दात आतून पोखरला जाऊन रक्ताळ पेशी चकाकत असतात. असा ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात डेंटिस्टला दाखवा. ठिपका लहान असतानाच तो खरवडून भरता येतो.

दुधाच्या दातांचा मार

चालायला लागलेलं मूल उंबरठ्यावर, खाटेच्या कडेवर, न्हाणीघरात आपटतं. एक ते तीन वर्षं हे यासाठी सर्वांत वाईट वय. त्या वयात हाड मऊ असतं, म्हणून दात तुटण्यापेक्षा आत घुसतो किंवा वळतो. आणि त्याच्या मुळाच्या टोकामागेच कायमच्या दाताचा कोंब असतो, त्याचं शुभ्र कवच तेव्हाच बनत असतं. घुसलेलं मूळ त्या कोंबावर आदळलं तर परिणाम सहाव्या-आठव्या वर्षी, नवीन दात आल्यावर दिसतो: पांढरा किंवा पिवळट-तपकिरी डाग, कवचात खळगा, कधी वाकलेलं मूळ, कधी दात उशिरा येणं. आईवडिलांना तोवर पडल्याचं आठवतही नसतं. म्हणून तारीख लिहून ठेवा.

घुसलेला दुधाचा दात बहुतेक वेळा ओढून काढत नाहीत. तो काही महिन्यांत आपोआप परत खाली येतो. करडा झालेला दुधाचा दातही नुसता रंगासाठी काढू नये. पुळी, सूज, दुखणं नसेल तर राहू द्यावा, काहींचा रंग नंतर उतरतोही. हिरडीवर पुळी आली तर मात्र थांबू नका, कारण खालचा कोंब संसर्गात सापडतो. पुढचा दुधाचा दात लवकर गेला तर जागा बंद होईल ही भीती बहुतेक वेळा खरी ठरत नाही. मागच्या दाढांच्या बाबतीत ती रास्त असते.

हनुवटीला टाके घातले, पण कानापुढे पाहिलं का?

मूल जिन्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फाटते, टाके पडतात, सगळे घरी जातात. हनुवटीवरचा धक्का खालच्या जबड्यातून वर कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि तिथली जबड्याच्या हाडाची नाजूक 'मान' मोडू शकते. हे फ्रॅक्चर नजरेतून सुटलं तर सांध्यात रक्त साचतं, त्याचं हाड होतं आणि महिन्या-वर्षांत सांधा जाम होतो. तोंड उघडेनासं होतं. वाढत्या मुलात त्या बाजूचा जबडा वाढायचा थांबतो, हनुवटी इजेच्या बाजूला झुकते. दोन्ही सांधे जाम झाले तर हनुवटी आत गेलेली, घोरणं, झोपेत श्वास अडकणं. मोठी शस्त्रक्रिया लागते, आणि तोंडच उघडत नसल्याने भूल देणंही अवघड होतं.

हे बहुतांशी टाळता येण्यासारखं आहे. हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक मुलाचं चार गोष्टींसाठी निरीक्षण करा. कानापुढे बोट ठेवल्यावर दुखतं का? दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसेनासे झालेत का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का? कानातून रक्त आलं का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन.

लहान मुलांत बहुतेक वेळा ऑपरेशन नको असतं. थोडे दिवस विश्रांती, जबडा बांधलाच तर फार तर आठवडा-दोन आठवडे, आणि मग लगेच व्यायाम. इथे जास्त विश्रांतीच घातक आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये ठेवायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, काही मिनिटं. मूल सोसेल तशी दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर आठवड्यातून एकदा पट्टीने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण चाळीस मिलिमीटर, म्हणजे त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं उघडतं. मुलाच्या बाबतीत त्याची स्वतःची तीन बोटं बघा. आकडा घटत गेला तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला भेटा. मुलाच्या जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा तपासणी हवी.

मोठ्यांमध्ये, विशेषतः दुचाकीच्या अपघातांत, खालच्या जबड्याच्या आतून जाणारी नस दुखावते आणि खालचा ओठ व हनुवटी बधिर होते. बधिरता ओसरायला काही महिने ते दीड वर्ष लागू शकतं. तोवर गरम चहाने ओठ भाजतो, जेवताना चावला जातो, दाढी करताना कापतो, आणि कळत नाही. चहा कोमट करा, जेवल्यावर आरशात ओठ बघा. दर महिन्याला बधिर भागाची कड पेनने आखून फोटो काढा. कड आकसत असेल तर नस जागी होते आहे. मुंग्या येणं हीदेखील बहुधा चांगली खूण. जबडा तारांनी बंद केला असेल तर तारा कापायची कात्री रात्री उशाशी असलीच पाहिजे, उलटी झाली तर ती जीव वाचवते.

ओठ आणि व्रण

ओठाचा लाल भाग आणि त्वचा जिथे मिळते ती रेघ टाके घालताना तंतोतंत जुळली पाहिजे. एक मिलिमीटरचा फरकही समोरच्याला दिसतो. म्हणून ही रेघ ओलांडणारी जखम शक्यतो प्लास्टिक सर्जनकडे किंवा तोंड व जबड्याच्या सर्जनकडे न्यावी. दात तुटलेला असेल तर टाक्यांआधी ओठाचा एक्स-रे. रुतलेला तुकडा राहिला तर कडक गाठ आणि पुन्हा पुन्हा सूज.

जखम पूर्ण बंद झाल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, व्रणाला मालीश सुरू करा: स्वच्छ बोटाने, व्हॅसलीन लावून, गोल फिरवत, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. त्वचेवरच्या व्रणाला सिलिकॉन जेल आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. व्रण वर्षभर बदलत राहतो, त्यामुळे सुधारणेच्या शस्त्रक्रियेची घाई नको. खालच्या ओठात आतून निळसर, मऊ, फुटून परत येणारा फोड दिसला तर ती लाळेच्या बारीक ग्रंथीची नळी तुटल्याने झालेली गाठ असते. सुईने फोडू नका, ग्रंथीसकट काढावी लागते.

चार्जरची किंवा एक्स्टेंशनची वायर चावून भाजलेलं मूल हा वेगळाच प्रकार. ओठाच्या कोपऱ्यावरची खपली पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते आणि खालची रक्तवाहिनी उघडी पडून अचानक जोरात रक्त येऊ शकतं. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं: अंगठा आत, बोट बाहेर, ओठ चिमटीत घट्ट दाबायचा आणि तसंच दवाखान्यात जायचं. पुढे तोंडाचा कोपरा आकसू नये म्हणून सहा महिने ते वर्षभर खास स्प्लिंट वापरावा लागतो.

तारखा आणि कागद

निखळून परत बसवलेल्या दाताची तपासणी: दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि त्यानंतर किमान पाच वर्षं दरवर्षी. मुलाचं मूळ अपूर्ण असेल तर दुसऱ्या महिन्याची एक जास्तीची. प्रत्येक वेळी एक्स-रे त्याच कोनातून, म्हणजे जुन्याशी ताडून बघता येतो. पहिल्या दिवसाचा एक्स-रे तुमच्याकडे ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी तो सोबत हवा.

केसपेपरवर दाताचा क्रमांक लिहून घ्या. वरचे मधले दोन दात 11 आणि 21. नुसतं 'दाताला इजा' लिहिलेला कागद दोन वर्षांनी निरुपयोगी ठरतो. रस्त्यावरच्या अपघातात मेडिको-लीगल (पोलीस-कोर्टासाठीची) नोंद होताना हे क्रमांक, जबड्याची स्थिती आणि फोटो त्यात येऊ द्या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पुढील उपचारांचा खर्चही मागता येतो, आणि तो मागायला आज लिहिलेलं लागतं. आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा वगळलेले असतात, पण अपघातामुळे झालेल्या इजेला अनेक पॉलिसींत अपवाद असतो. अटी वाचून घ्या.

खर्चामुळे तपासण्या सोडू नका. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं इथे लहान मुलांचे दात, रूट कॅनॉल आणि जबड्याची शस्त्रक्रिया हे विभाग एकाच छताखाली मिळतात.

दातांना क्लिपा लावायच्या असतील तर जुन्या माराबद्दल ऑर्थोडॉन्टिस्टला आधी सांगा. किरकोळ मारानंतर तीन महिने, मोठ्या इजेनंतर सहा महिने ते वर्षभर थांबून, एक्स-रे स्वच्छ असेल तरच दात हलवतात. उलट, पुढचे दात बाहेर आलेल्या मुलांना मार लागण्याचा धोका मुळातच जास्त असतो, म्हणून क्लिपांचा निर्णय त्यांच्यात लवकर घेणं योग्य.

कबड्डी, हॉकी, बॉक्सिंग, किंवा दहीहंडीच्या थरांचा सराव करणाऱ्यांनी, आणि एकदा दात दुखावलेल्या प्रत्येक खेळाडूने माउथगार्ड वापरावं. दातांचं माप घेऊन बनवलेलं सगळ्यात चांगलं, पुढच्या दातांवर साधारण तीन मिलिमीटर जाडीचं. दुकानात मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं माउथगार्ड त्यापेक्षा कमी बसतं, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. खेळून झाल्यावर गार पाण्याने धुवा, हवा जाईल अशा डबीत ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, ते वाकडं होतं. दुधाचे दात पडून नवीन येत असलेल्या मुलाचं माउथगार्ड दर हंगामाला बदलावं लागतं, नाहीतर येणाऱ्या दाताला जागाच मिळत नाही.